माप कोणाच्या चेहऱ्याचे?

मराठीत फोटोला दोन प्रतिशब्द रूढ आहेत. एक 'छायाचित्र' आणि दुसरा 'प्रकाशचित्र'. एकाच वस्तूला एकाने सावलीचे नाव दिले, दुसऱ्याने उजेडाचे. दोन्ही शब्द योग्यच आहेत; कारण चित्र उमटते ते उजेड आणि सावली यांच्या वाटणीतून. ही वाटणी कोणी करावयाची आणि ती करताना कोणाच्या वाट्याला किती उजेड द्यावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता स्टुडिओवाल्याचा आहे. आम्हांला मात्र तो नीतीचा प्रश्न वाटतो. त्या दृष्टीने येथे थोडा विचार करावा, असा आमचा मानस आहे.

हाताने फोकस करावयाचे जुने कॅमेरे गेल्या काही वर्षांत तरुण मंडळींच्या हाती पुन्हा दिसू लागले आहेत. आजोबांच्या ट्रंकेतून किंवा काकांच्या कपाटातून ते बाहेर निघतात. आमच्या आष्ट्यातही, सांगली-पेठ रस्त्यावरच्या या ऊसपट्ट्यातील गावात, असा एखादा कॅमेरा गळ्यात अडकवून कोणी मुलगा येतो आणि विचारतो, "काका, यात कोणता रोल भरावा?" प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर नीट द्यावयाचे तर आधी यंत्र समजून घ्यावे लागते, आणि यंत्र समजून घेता घेता विचार यंत्राच्या पलीकडे जातो.

उदाहरणादाखल पेंटॅक्स के-१००० हा कॅमेरा घेऊ. १९७६ साली तो बाजारात आला आणि १९९७ पर्यंत त्याचे उत्पादन चालू होते. त्यात नखरा म्हणून नाही. शटर संपूर्ण यांत्रिक. त्याचा वेग एका सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. बटणाएवढी बॅटरी लागते ती केवळ प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. ती संपली तरी कॅमेरा अडत नाही. मीटर बंद करण्याची कळसुद्धा नाही. लेन्सवर झाकण बसविले की तोच मीटरचा विसावा. फोकस करताना लेन्सचे कडे हाताने फिरवावे लागते. खिडकीतून पाहिले की मध्यभागी बारीक कणांचे एक वर्तुळ थरथरताना दिसते. समोरची वस्तू नेमकी फोकसमध्ये आली की ही थरथर थांबते. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून जवळून फोटो काढला, तर मागेपुढे बसलेल्या दोन माणसांपैकी एकाचाच चेहरा स्पष्ट येतो. तो कोणाचा, हे यंत्र ठरवीत नाही. काढणाऱ्यालाच ठरवावे लागते.

असे असले तरी या कॅमेऱ्यात एक भाग असा आहे की जो आपल्या वतीने निर्णय घेतो आणि त्याचा पत्ता लागू देत नाही. तो म्हणजे मीटर. खिडकीच्या कडेला एक सुई असते. ती मध्यावर आली की प्रकाश बरोबर, असे नवशिक्याला सांगितले जाते. पण सुईला समोर काय आहे हे कळत नाही. चौकटीत येणाऱ्या साऱ्या उजेडाची ती सरासरी काढते आणि असे गृहीत धरते की जगातील प्रत्येक दृश्य एकंदरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. दृश्य फार पांढरे असेल तर तिला वाटते, उजेड जास्त झाला, कमी करा. दृश्य फार काळे असेल तर ती म्हणते, वाढवा.

आता प्रथम कम्युनियनच्या दिवसाची एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. पांढराशुभ्र झगा, डोक्यावर पांढरी जाळी, हातात पांढरी मेणबत्ती आणि मध्ये सावळा, हसरा चेहरा. किंवा आमच्या भागातला शेतकरी घ्या: पांढरा सदरा, पांढरे धोतर, पांढरी टोपी आणि तिच्याखाली उन्हात रापलेले तोंड. सुई मध्यावर आणून फोटो काढला की काय होते? चौकटीचा बहुतेक भाग कपड्याने व्यापलेला असल्यामुळे मीटर कपडा मोजते आणि उजेड कमी करावयास सांगते. झगा करडा येतो आणि चेहरा काळोखात जातो. डोळे दिसत नाहीत, ओठांवरचे हसू दिसत नाही. घरोघरच्या जुन्या अल्बमांत असे फोटो आहेत. ते पाहताना आपण म्हणतो, "ही मुळातच काळी, फोटो तरी कसा येणार?" चूक मापाची असते आणि दोष मात्र चेहऱ्यावर जातो.

यावर जाणत्या छायाचित्रकारांचा उपाय सोपा आहे. कॅमेरा घेऊन चेहऱ्याजवळ जावे, केवळ चेहऱ्याचा उजेड मोजावा, त्या मापावर छिद्र आणि शटर पक्के करावे आणि मग मागे येऊन फोटो काढावा. चेहरा बराच सावळा असेल तर सुईने सांगितल्यापेक्षा उजेड किंचित कमी द्यावा, म्हणजे सावळेपण सावळेच राहते. जवळ जाणे शक्य नसेल तर त्याच उजेडात आपला स्वतःचा तळहात लेन्ससमोर धरून तो मोजावा आणि सुईने सांगितल्यापेक्षा उजेड दुप्पट द्यावा, म्हणजे छायाचित्रकारांच्या भाषेत एक स्टॉप उघडावा. तळहातच का? कारण माणसांच्या चेहऱ्यांत रंगाचा जितका फरक असतो, तितका तळहातांत नसतो. सावळ्या माणसाचाही तळहात उजळ असतो. सर्वांना लागू पडेल असे माप शोधताना छायाचित्रकार तळहातापाशी येऊन थांबले, ही गोष्ट आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते.

आता रोलकडे वळू. रोलच्या डबीवर १००, २००, ४०० असा आकडा असतो. पूर्वी त्याला एएसए म्हणत, आता आयएसओ म्हणतात. आकडा दुप्पट झाला की फिल्मला उजेड निम्मा पुरतो. चैत्रातल्या दुपारी, फडातला ऊस तोडून झाल्यावर उघड्या पडलेल्या रानात उभे राहून फोटो काढावयाचे असतील तर शंभरचा रोल पुरेसा. छिद्र सोळावर आणि शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर ठेवले की मीटर न पाहताही काम भागते. संध्याकाळच्या मिस्साला, घरातल्या पडवीत किंवा पावसाळी ढगांखाली चारशेचा रोल हवा. त्याची किंमत दाण्याच्या रूपाने मोजावी लागते. फोटो थोडा खरखरीत दिसतो. एकदा रोल भरला की छत्तीस फोटो होईपर्यंत आपण त्या आकड्याशी बांधलेले. पुढे कोणता उजेड भेटणार हे ठाऊक नसताना ही निवड करावी लागते.

दुसरी निवड जातीची. स्लाइडची फिल्म रंगाला सुंदर, पण स्वभावाने कडक. अर्ध्या-पाऊण स्टॉपची चूकही ती सहन करीत नाही. रंगीत निगेटिव्ह उदार असते, पण तिचे औदार्य एकाच बाजूचे. उजेड थोडा जास्त झाला तर ती सांभाळून घेते; कमी पडला तर नाही. ज्या भागापर्यंत उजेड पोहोचलाच नाही, त्या भागात काही नोंदलेलेच नसते आणि पुढे कोणतीही प्रयोगशाळा ते निर्माण करू शकत नाही. म्हणून आम्ही विचारणाऱ्याला सांगतो: घरच्या माणसांचे फोटो काढावयाचे असतील तर चारशेची रंगीत निगेटिव्ह घे आणि मीटरवर आकडा दोनशेचा ठेव, म्हणजे प्रत्येक चेहऱ्याला एक स्टॉप उजेड अधिक मिळेल. घरी धुण्याची हौस असेल तर कृष्णधवल इलफर्ड एचपी-५ किंवा कोडॅक ट्राय-एक्स घे. रोल आता स्वस्त राहिलेला नाही. एका रोलला शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीहून अधिक पैसे पडतात आणि धुण्यासाठी तो बहुधा मोठ्या शहरात कुरियरने पाठवावा लागतो. म्हणून छत्तीस चेहरे विचारपूर्वक निवड.

येथवर सारे तंत्राचे झाले. पण हा रोल तरी निःपक्षपाती असतो काय?

फिल्म म्हणजे निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे. ती माणसांनी ठरवून बनविलेली वस्तू आहे. आरंभीच्या काळातील कृष्णधवल फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. त्यामुळे तांबूस-तपकिरी कातडी होती त्यापेक्षा अधिक काळी उमटे. आमच्यापासून जवळच, कोल्हापुरात, बाबूराव पेंटर यांनी १९१८ साली स्वतःच्या हातांनी चलच्चित्रांचा कॅमेरा घडविला. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्या कॅमेऱ्यात घालावयाची फिल्म मात्र परदेशातूनच येत असे. आपल्या देशात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात फिल्म तयार होऊ लागली ती १९६७ साली. 'इंदू' या नावाने ती विकली जाई, आणि आता तो कारखानाही बंद झाला आहे. म्हणजे यंत्र आपले झाले तरी यंत्रातील डोळा दुसऱ्याने घडविलेला होता.

हा डोळा कसा घडविला गेला, याची एक कथा आहे. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुन्याचे कार्ड पाठवीत असे. त्यावर उंची पोशाख केलेल्या एका गोऱ्या स्त्रीचे रंगीत चित्र असे. कार्डावर प्रथम झळकलेल्या कर्मचारी स्त्रीचे नाव शर्ली. पुढे स्त्रिया बदलल्या, पण कार्डाचे नाव 'शर्ली कार्ड' हेच राहिले. या स्त्रीच्या कातडीचा रंग बरोबर उमटला की यंत्र बरोबर लागले, असे समजावयाचे. मग त्याच मापाने जगभरच्या चेहऱ्यांचे फोटो छापावयाचे. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ साली या कार्डांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यातील एक तपशील मन अस्वस्थ करणारा आहे. गोरी आणि काळी मुले एका वर्गफोटोत आली की काळ्या मुलांचे चेहरे नीट उमटत नसत, आणि आयांना ते दिसत होते. तथापि फिल्म सुधारण्यासाठी जोर लागला तो चॉकलेट बनविणाऱ्यांच्या आणि लाकडी सामान विकणाऱ्यांच्या तक्रारींचा. जाहिरातींत चॉकलेटच्या आणि लाकडाच्या तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड १९९० च्या दशकात निघाले.

कोणी म्हणेल, यात नीतीचा प्रश्न कोठे आला? काळी वस्तू उजेड कमी परत फेकते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. फिल्मला माणसांचा द्वेष नसतो. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. फिल्मला द्वेष नव्हता. बहुधा कार्ड बनविणाऱ्यांनाही नव्हता. त्यांनी आपल्या अवतीभवती जे चेहरे होते, त्यांनाच चेहरा मानले, एवढेच. पण फिल्मवर कोणते रंग बारकाईने उमटावेत, कोणती छटा सांभाळावी, कोणती सोडून द्यावी, हे निवडता येत होते. पुढे सुधारणा झाल्या, यावरूनच ते सिद्ध होते. द्वेष नसतानाही अन्याय होऊ शकतो. आपल्यासारख्यालाच माप समजले आणि मापात न बसणाऱ्याला दोषी ठरविले, की तेवढ्याने तो घडतो.

मग काळे चेहरे स्पष्ट उमटविले म्हणजे न्याय झाला, असे म्हणावे काय? तसेही नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट असताना काळ्या लोकांना सतत जवळ बाळगावे लागणारे ओळखपुस्तक होते. त्यातील फोटोंसाठी पोलरॉइड कंपनीची यंत्रणा वापरली जात होती. १९७० साली अमेरिकेत त्याच कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोघा कृष्णवर्णीयांच्या ध्यानात ही गोष्ट आली. त्यांनी निषेधाची चळवळ उभी केली, आणि १९७७ साली कंपनीने त्या देशातून अंग काढून घेतले. तेथे चेहरे स्पष्ट हवे होते ते पोलिसांना ओळखता यावेत म्हणून. तेव्हा नुसत्या स्पष्टतेला न्याय म्हणता येत नाही. कोणासाठी आणि कशासाठी पाहिले जाते, हेही विचारावे लागते.

आता दूरच्या कंपन्यांना बाजूला ठेवून आपण आपल्या घरात डोकावू. आमच्या घरांच्या भिंतींवर येशूच्या पवित्र हृदयाची आणि पवित्र मरियेची जी चित्रे पिढ्यान् पिढ्या लागलेली आहेत, त्यांतील कातडी कोणत्या रंगाची आहे? गोव्यात जन्मलेले आणि पुढे पुण्यात राहून काम केलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसविली आणि तिला आपल्या मातीतल्या स्त्रीचा वर्ण दिला, तेव्हा त्यांचे कौतुक होण्याऐवजी त्यांना टीकाच अधिक सोसावी लागली. टीका करणारे आपलेच होते. कार्ड दूर परदेशात छापले गेले खरे, पण खिळा आपण आपल्या हाताने ठोकला.

याहून रोजच्या व्यवहारातील गोष्ट सांगावयाची तर लग्नाच्या फोटोची. मुलीला घेऊन वडील स्टुडिओत येतात आणि हळू आवाजात म्हणतात, "फोटो जरा उजळ काढा." पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून हे काम होई, आता संगणकावर होते. 'गव्हाळ', 'निमगोरी', 'उजळ' हे शब्द आपल्या परिचयपत्रांत कशासाठी येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. गोरेपणाचे मलम १९७५ पासून आपल्या बाजारात खपत आले. २०२० साली त्या मलमाच्या नावातला 'फेअर' हा शब्द काढला गेला, मलम राहिले. त्या वडिलांना आम्ही दोष देऊ इच्छित नाही. लग्नाच्या बाजारात मुलीचा रंग पाहिला जातो आणि पहिल्याच फोटोवर नकार येतो, हे ते अनुभवाने जाणतात. त्यांच्या विनंतीत खोटेपणापेक्षा भीती अधिक आहे, आणि त्या भीतीत मुलीविषयीचे प्रेमही आहे.

पण येथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो. वर आम्ही म्हटले की सावळ्या चेहऱ्याला एक स्टॉप उजेड अधिक द्यावा, हा न्याय. आणि वडील म्हणतात, उजळ काढा. दोघेही उजेडच वाढवीत आहेत. मग एकाला न्याय आणि दुसऱ्याला अन्याय म्हणण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

आमच्या मते याचे उत्तर फोटोतच पाहावयास मिळते. उजेड योग्य दिला की सावळा चेहरा सावळाच राहतो, पण त्यातले सारे दिसू लागते: कपाळावरची शीर, गालावरचा तीळ, डोळ्यांतले पाणी, हसताना पडणारी बारीक घडी. उजेड त्याच्या पुढे रेटला, किंवा संगणकावर चेहरा धुऊन काढला, की प्रथम नाहीशा होतात त्या या गोष्टी. तीळ जातो, घडी जाते, गाल कागदासारखा सपाट होतो. चेहरा गोरा झाला म्हणण्यापेक्षा चेहरा कमी झाला, असेच म्हणावे लागते. तेव्हा कसोटी अशी लावता येईल: ज्या मापाने त्या माणसाचे अधिकात अधिक दिसते, ते माप योग्य. ज्या मापाने पाहणाऱ्याला तो अधिक आवडतो, ते माप योग्य असेलच असे नाही. पहिल्या मापात उजेड त्या मुलीसाठी असतो. दुसऱ्यात तो नापसंत करणाऱ्यासाठी असतो, आणि असा फोटो पाहताना ती मुलगीही शिकते की आपण आहोत तशा पुरेशा नाही. बापाने प्रेमाने केलेली गोष्ट तिला हे शिकविते, याचे आम्हांला अधिक दुःख वाटते.

जुना कॅमेरा माणसाला प्रामाणिक बनवितो, असे काही हौशी लोक म्हणतात. तसे आम्ही मानत नाही. चेहरे काळोखात लोटणारी सुई याच कॅमेऱ्यात होती आणि शर्ली कार्डही याच रोलांच्या काळातले. आजच्या मोबाइलमध्ये सुधारणा झाल्या आहेत. २०२१ साली गूगलने आपल्या फोनमध्ये सावळ्या-काळ्या वर्णाचे चेहरे जसे आहेत तसे यावेत म्हणून खास यंत्रणा घातली. त्याच मोबाइलांत चेहरा आपोआप उजळ आणि गुळगुळीत करणारी सोयही असते. जुन्या कॅमेऱ्याचा उपयोग एवढाच की त्यात मापाचा निर्णय लपून राहत नाही. सुई एक सांगते, समोरचा चेहरा दुसरे सांगतो आणि कडे आपल्या बोटांत असते. कोणाचे ऐकावयाचे, हे प्रत्येक फोटोला ठरवावे लागते. ही सवय एकदा लागली की मोबाइल हाती असतानाही ती सुटू नये, अशी आमची अपेक्षा आहे.

पुढच्या प्रथम कम्युनियनच्या वेळी कोणा घरी असा जुना कॅमेरा निघाला तर एवढे करावे. भर उन्हात रांगेने मुलांना उभे करू नये. व्हरांड्याच्या किंवा कडुलिंबाच्या सावलीत आणावे, म्हणजे झगा आणि चेहरा यांतील अंतर कमी होते. सुईवर विसंबू नये. प्रत्येक मुलाच्या चेहऱ्याजवळ जावे, माप घ्यावे, कडे सावकाश फिरवावे आणि त्याच्या डोळ्यांवर फोकस करावा. मुलांच्या रांगेत एखादी फार सावळी मुलगी संकोचाने मागे सरकत असेल तर तिला पुढे घ्यावे आणि साऱ्या रांगेचे माप तिच्या चेहऱ्यावरून ठरवावे. निगेटिव्ह जास्तीचा उजेड सांभाळून घेते. गोऱ्या मुलांचे त्यात काही बिघडणार नाही.